उवांनी जीव जात नाही, म्हणूनच औषध तपासलेलं हवं

जूनमध्ये शाळा उघडल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेनं पालकांच्या मोबाइलवर सूचना धाडली: ज्या मुलीच्या डोक्यात उवा किंवा लिखा सापडतील, तिनं डोकं साफ झाल्याशिवाय वर्गात बसायचं नाही; केस बारीक कापून आणले तर अधिक चांगलं. ती सूचना गावोगावच्या ग्रुपवर फिरली आणि वाद पेटला. शाळेची बाजू घेणारे म्हणाले, एकीपायी चाळीस जणींनी का सोसायचं? विरोधातले म्हणाले, आमच्या आजीनं सीताफळाच्या बियांनी उवा घालवल्या, आम्हीही घालवू, पोरीच्या केसांना हात लावायचा नाही. काहींनी मेडिकलमधल्या शाम्पूंची नावं सुचवली. आणि काही जण वैतागून म्हणाले, क्षय, रक्तक्षय, कुपोषण समोर असताना उवांवर कसली चर्चा करता? या सगळ्या गदारोळात एक प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही. यातला कोणता उपाय शंभरातल्या किती डोक्यांना लागू पडतो, आणि त्यापायी किती पोरींना इजा होते?

माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगते. उवांवरच्या उपायांच्या रीतसर, एकमेकांशी तुलना करणाऱ्या चाचण्या आपल्या भागात, आपल्या पोरींच्या केसांवर व्हायला हव्यात. आजार किरकोळ आहे म्हणून त्या टाळू नयेत. आजार किरकोळ आहे म्हणूनच त्या हव्यात. क्षयाच्या रुग्णाला यकृतावर ताण आणणारी गोळी आपण देतो, कारण ती न दिली तर माणूस हातचा जातो. डोक्यातल्या उवेनं कुणी जात नाही. मग तिच्यासाठी मुलीच्या डोळ्याला, कातडीला, मेंदूला किती धोका पत्करायचा? जवळजवळ काहीच नाही. आणि धोका तेवढाच आहे, हे मोजल्याशिवाय कळणार कसं?

समोरच्यांचे खरे मुद्दे आधी मान्य करू. डोक्यातली ऊ रोगराई पसरवत नाही. प्रलापक ज्वर, म्हणजे टायफस, पसरवते ती अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ. शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये ट्युनिसमध्ये ते दाखवलं आणि १९२८ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. डोक्यातली ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं भिडलं की ती चालत पलीकडे जाते, आणि डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. पण हे मान्य केलं की शाळेच्या सूचनेखालची जमीनच सरकते. मुलीच्या डोक्यात उवा दिसतात तेव्हा त्या बहुधा काही आठवडे तिथे असतात. तेवढे दिवस ती त्याच बाकावर बसलेली असते. आज तिला घरी धाडून कुणाचं काय वाचलं? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही उवांपायी मुलाची शाळा बुडू देऊ नये, असंच सांगते.

सक्तीनं काय होतं, हे आपल्या मुलखानं एकदा पाहिलेलं आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरून तपासण्या करू लागले, तेव्हा लोक आजारी माणूस दाखवेनात, लपवू लागले. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले प्लेग झालेल्या पोराला स्वतः उचलून दवाखान्यात नेताना आजारी पडल्या आणि गेल्या. लोक दार कुणाला उघडतात आणि कुणापुढे बंद करतात, हे त्या वर्षीच कळून चुकलं होतं. प्लेग कुठे आणि उवा कुठे, असं कुणी म्हणेल. पण लपवालपवीची रीत तीच आहे. केस कापायची धमकी दिली की मुलगी खाजवायचं थांबवते, स्कार्फ बांधून येते, आणि घरी आई मिळेल त्या वस्तूनं एका रात्रीत उवा मारायला बसते.

ती मिळेल ती वस्तू कोणती असते? तासगाव भागात शिकवताना मी एका मुलीला सकाळच्या प्रार्थनेला डोळे घट्ट मिटून उभी असलेली पाहिलं. उघडायला सांगितलं तर पाण्याच्या धारा लागल्या, बुबुळाभोवती लालबुंद. आदल्या रात्री आईनं सीताफळाच्या बिया वरवंट्याखाली भरडून खोबरेल तेलात कालवल्या होत्या, केसांच्या मुळांत चोळून वर फडकं बांधलं होतं. सकाळी न्हाताना ते पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरलं. सीताफळाच्या बियांतला अर्क बुबुळाचा वरचा पापुद्रा सोलून काढतो. उवांसाठी बिया लावून डोळे भाजल्याचे रुग्ण आपल्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेले आहेत. वेळेवर उपचार झाले तर बहुतेकांचे डोळे सुधारतात. त्या मुलीचेही सुधारले. पण ते दोन-तीन दिवस तिला उजेड सहन होत नव्हता, आणि आई सारखी म्हणत होती, "बाई, मी तर चांगलंच करायला गेले होते."

रॉकेल लावणारी घरं अजून आहेत. चुलीजवळ बसलेल्या, रॉकेलनं भिजलेल्या केसांच्या मुलीचं काय होऊ शकतं, हे सांगायला नको. खोबरेलात कापूर विरघळवून भरपूर चोळतात. कापूर लहान मुलाच्या अंगात जास्त गेला तर झटके येतात. आणि आपल्या द्राक्षपट्ट्यात आणखी एक धोका घराच्या कोपऱ्यातच असतो. शेतातलं कीटकनाशक डोक्याला लावून विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मॅलेथिऑन हे काही देशांत उवांचं मान्यताप्राप्त औषध आहे, तेव्हा एखाद्याला वाटेल की शेतकऱ्याची चूक ती काय? फरक प्रमाणाचा आहे. औषधात मॅलेथिऑन अर्धा टक्का असतं. फवारणीच्या बाटलीत पन्नास टक्के. शंभर पट. औषध शुद्ध असतं, किती वेळ ठेवायचं ते ठरलेलं असतं, आणि ते ठरवण्यासाठी शेकडो डोकी आधी नीट तपासलेली असतात. ज्याला आपण चाचणी म्हणतो ती हीच.

आता परंपरेच्या बाजूनं जो मुद्दा येतो, तो मला मनापासून पटतो. आजीच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण असतं, आणि ते शहरी डॉक्टरनं एका शब्दात उडवून लावणं हा उद्धटपणा आहे. सीताफळाच्या बिया उवा मारतात, हे आजीचं म्हणणं खोटं नाही. थायलंडमधल्या संशोधकांनी त्याच बियांच्या अर्कावर प्रयोगशाळेत आणि रुग्णांवरही काम केलेलं आहे. पण पूर्वजांच्या ज्ञानाचा मान कसा राखायचा? मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तो राखून दाखवला. सर्पगंधा आपल्याकडे शतकानुशतकं वापरात होती. वकिलांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, रक्तदाब किती उतरला ते मोजलं, त्रास कोणता झाला ते लिहिलं, आणि १९४९ मध्ये ५० रुग्णांचा वृत्तांत ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. त्या लेखानं जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष आपल्या झाडपाल्याकडे वळलं. पुढे त्याच मुळीतल्या औषधानं काही रुग्णांना नैराश्य येतं हेही नोंदींमधूनच कळलं, म्हणून डोस कमी झाला. सर्पगंधेची महती त्यानं घटली का? उलट ती टिकली. सीताफळाच्या बीला तेवढा मान द्यायला आपण आजवर का तयार झालो नाही?

शाम्पूवाल्यांना वाटतं की हा प्रश्न फक्त खेड्यातल्या आयांचा आहे; शिकलेल्यांनी दुकानातून बाटली आणली की काम झालं. त्यांच्यासाठी ब्रिटनमधल्या दोन चाचण्या सांगते, कारण या वादातलं सगळ्यांत शिकण्यासारखं मला तिथेच सापडलं. पहिली वेल्समध्ये झाली, २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. काही मुलांना मॅलेथिऑनचं लोशन, काहींना फक्त ओल्या केसांतून फणी, दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. लोशनवाल्यांतली ७८ टक्के मुलं मोकळी झाली, फणीवाल्यांतली ३८ टक्के. फणी हरली, असं सगळ्यांनी म्हटलं. पाच वर्षांनी, २००५ मध्ये, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दुसरी चाचणी आली. तिथेही एकीकडे दुकानात मिळणारी औषधं, दुसरीकडे ओल्या केसांत फिरवायची खास बारीक दातांची फणी. यात फणीनं ५७ टक्के मुलं मोकळी केली आणि औषधांनी १३ टक्के.

तोच देश, तीच तुलना, आणि निकाल बरोबर उलटा. यावरून कुणी म्हणेल की चाचण्यांवर विश्वासच ठेवू नये. मी नेमकं उलट म्हणते. या दोन निकालांमधला फरकच आपल्याला विचार करायला भाग पाडतो. फणी कोणती होती, दातांमध्ये अंतर किती होतं, किती वेळा फिरवली, औषध किती वेळा लावलं? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, उवा कोणत्या होत्या? पर्मेथ्रिन या उवा मारणाऱ्या औषधाच्या कुळातली औषधं उवेच्या नसांवर एका ठरावीक जागी काम करतात. ती जागाच बदललेल्या उवा वाचतात, त्यांची पिलावळ वाढते, आणि काही वर्षांत बाटली तीच राहते पण गुण येईनासा होतो. द्राक्षबागायतदाराला हे समजवावं लागत नाही. एकच फवारा वर्षानुवर्षं मारला की कीड त्याला दाद देत नाही, म्हणून तो औषध आलटून पालटून वापरतो. मग बागेतल्या किडीसाठी जे आपण जाणतो, ते मुलीच्या डोक्यासाठी का विसरतो? पलूसच्या किंवा कोरेगावच्या उवा आज पर्मेथ्रिनला दाद देतात की नाही, हे वेल्समध्ये कधीच कळणार नाही.

यावर एक अभ्यासू आक्षेप येतो: जगात इतकं संशोधन झालंय, तेच वापरा, पुन्हा खर्च कशाला? बरंचसं वापरावंच. मज्जासंस्थेला हात न लावता उवेला नुसतं वेढून गुदमरवणारं डायमेथिकोन हे त्यातलं उत्तम उदाहरण. २००५ च्याच एका ब्रिटिश चाचणीत डायमेथिकोननं ७० टक्के आणि पर्मेथ्रिनच्याच कुळातल्या फेनोथ्रिननं ७५ टक्के जण बरे झाले. म्हणजे गुण जवळपास सारखाच. पण कातडीची आग पहिल्यात २ टक्क्यांना झाली, दुसऱ्यात ९ टक्क्यांना. नुसते बरे झालेले मोजले असते तर हे कुणाच्या लक्षात आलं असतं का? २०१० मध्ये इंग्लंडमध्ये खोबऱ्यापासून काढलेले घटक आणि बडीशेपेच्या जातीचं तेल असलेला फवारा पर्मेथ्रिनच्या लोशनशी लावून पाहिला. फवारा ८२ टक्के, लोशन ४२ टक्के. ज्या खोबऱ्याचं तेल आपल्या प्रत्येक घरात डोक्याला लागतं, त्याची परीक्षा इंग्लंडनं घेतली. तो फवारा म्हणजे आपल्या घरची तेलाची बाटली नव्हे, हे खरं. पण आपल्या घरच्या बाटलीबद्दल आपल्याकडे काय आकडा आहे?

आणि आपली परिस्थिती वेगळी आहे, हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. कमरेपर्यंत केस, रोजचं तेल, घट्ट दोन वेण्या, एका अंथरुणावर तीन बहिणी. एका मुलीला औषध द्यायचं आणि शेजारी झोपणाऱ्या बहिणीला नाही, तर आठ दिवसांत सगळं पहिल्यासारखं. म्हणूनच २०१० मध्ये आयव्हरमेक्टिनच्या गोळीची मॅलेथिऑनशी तुलना झाली तेव्हा संशोधकांनी माणसांची नव्हे, कुटुंबांची वाटणी केली. एका घराला एकच उपाय. त्यात ३७६ घरांमधले ८१२ जण होते, आणि पंधराव्या दिवशी गोळीवाल्यांतले ९५ टक्के मोकळे होते, लोशनवाल्यांतले ८५. पंधरावा दिवस का, हेही समजून घ्यावं. बहुतेक औषधं लिखा पुरत्या मारत नाहीत. लीख सात ते दहा दिवसांत फुटते. दुसऱ्या दिवशी डोकं पाहून 'गेल्या' म्हणणारा प्रत्येक उपाय, आजीचा असो की दुकानाचा, म्हणूनच फसवा ठरतो.

आता ऊसतोड कुटुंबाचा विचार करा. कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडून, जतकडून टोळ्या येतात. कोपीतली, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीतली, आई पहाटे अंधारात कोयता घेऊन फडात जाते, रात्री परतते. ओल्या केसांतून फणी फिरवायला एका डोक्याला अर्धा तास लागतो, पाणी लागतं, उजेड लागतो, आणि ते दोन आठवड्यांत चार वेळा करायचं असतं. या घरात तीन मुली असतील तर? वेल्समधल्या ३८ टक्क्यांमागे कदाचित हेच होतं, थकलेल्या आया. कोपीत जो उपाय टिकत नाही तो उपाय कागदावर कितीही चांगला असो, आपल्या कामाचा नाही. हे मोजणारी चाचणी इथेच होऊ शकते.

आता सगळ्यांत जड आक्षेपाकडे येते. गरिबांच्या पोरींवर प्रयोग करणार का? हा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायचा माझा इरादा नाही, कारण त्याच्यामागे खरी जखम आहे. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा प्रकल्प मुलींवर राबवला गेला. कित्येक संमतीपत्रांवर आईवडिलांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण संमतीच्या बाबतीत संसदेच्या स्थायी समितीनं २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. मुख्याध्यापकाची सही म्हणजे आईची संमती, असं मानणाऱ्या कुणालाही मुलींच्या जवळ फिरकू देऊ नये. शिक्षक म्हणून तर मी हे अधिक ठामपणे म्हणते, कारण शाळेत आमच्या शब्दाला 'नाही' म्हणणं पालकांना किती अवघड जातं, हे आम्हाला माहीत असतं.

पण या आक्षेपाचा पुढचा भाग आपण टाळतो. प्रयोग आजही चालूच आहे. रॉकेलचा, कापराचा, बियांचा, फवारणीच्या औषधाचा, आणि दुकानदारानं हाताला येईल ती बाटली देण्याचा. फरक इतकाच की त्याला कुणाची परवानगी नाही, कुणाची देखरेख नाही, आणि एखादीचा डोळा गेला तर त्याची नोंद होत नाही. लिंडेनचंच पाहा. हे औषध जगभर दशकानुदशकं मुलांच्या डोक्याला लावलं गेलं. मुलांना झटके येतात याच्या नोंदी साठत गेल्या, तेव्हा कुठे २००३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं वेष्टनावर सगळ्यांत कडक इशारा छापायला लावला. आज नोंदणीकृत चाचणीला नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, सार्वजनिक नोंदवहीत ती आधी जाहीर करावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलीचा तोंडी आणि त्यापुढच्या वयाच्या मुलीचा लेखी होकारही, पालकांच्या संमतीच्या जोडीला, घ्यावा लागतो. घरातल्या उपायाच्या वेळी त्या मुलीला कुणी विचारतं का? शिवाय इथे कुणालाही विनाउपचार ठेवायची गरज नाही. दोन्ही बाजूंना सुरक्षित ठरलेलेच उपाय द्यायचे: एका घराला डायमेथिकोन, दुसऱ्याला चांगली फणी आणि ती कशी फिरवायची याचं शिक्षण. सीताफळाच्या कच्च्या बिया मुलीच्या डोक्यावर जाताच कामा नयेत. त्यांचं काम आधी प्रयोगशाळेतल्या काचेच्या तबकडीत व्हायला हवं.

राहिला पैशाचा आणि प्राधान्याचा प्रश्न. क्षय मोठा आहे, हे मान्यच. आणि म्हणून क्षयाचंच उदाहरण घेते. सांगली-मिरजेच्या मधलं वानलेसवाडीचं क्षय-आरोग्यधाम आपल्या आजोबांच्या पिढीला माहीत होतं. तेव्हा समज असा होता की क्षयाला मोकळी हवा, विश्रांती, सकस अन्न हवं, आणि रोग्याला घरापासून तोडायला हवं. १९५६ मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासानं तोच समज तपासायला घेतला. अर्धे रुग्ण आरोग्यधामात, अर्धे आपल्या दाटीवाटीच्या घरात, औषध दोघांना तेच. १९५९ मध्ये निकाल आला: घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. जगभरची आरोग्यधामं त्यानंतर ओस पडत गेली. हा प्रश्न श्रीमंत देशांना पडला नव्हता, त्यांच्याकडे खाटा होत्या. तो आपल्याला पडला, कारण आपल्याकडे नव्हत्या. मुलीला वर्गाबाहेर काढायचं की घरात राहून बरं करायचं, हा प्रश्नही आपलाच आहे, आणि त्याला क्षयासारखा महिनोन्‌महिने चालणारा औषधोपचार, क्ष-किरण, थुंकीच्या तपासण्या यातलं काही लागत नाही. फण्या, पांढरं फडकं, दोन आठवडे, आणि कोणत्या घराला कोणता उपाय दिला आहे हे माहीत नसलेला एक तपासनीस. हा शेवटचा मुद्दा लहान वाटतो, पण ज्यानं उपाय दिला त्यानंच डोकं पाहिलं तर त्याला उवा कमीच दिसतात.

मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून उभं आहे. आयुर्वेदाची महाविद्यालयं सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळाशाळांत जातात. माणसं आहेत, मुलीही आहेत. एक फेरी पावसाळ्यात गावच्या शाळांत आणि दुसरी डिसेंबरमध्ये कोप्यांवर व्हावी, टोळ्या हलायच्या आत. तपासणी वर्गात सगळ्यांसमोर न करता घरी, आईच्या देखत व्हावी. संमतीपत्र सोप्या मराठीत असावं आणि वाचता न येणाऱ्या आईला ते शिक्षकानं नव्हे, बाहेरच्या माणसानं वाचून दाखवावं. आणि नकार देणाऱ्या घरच्या मुलीची शाळेतली हजेरी, परीक्षा, बाकावरची जागा, यातल्या कशालाही धक्का लागणार नाही, हे त्या पत्राच्या पहिल्याच ओळीत छापलेलं असावं.